हरेल त्याने टोचून घ्यावं

मित्रांनो, मी एक जुनं टेबल टेनिसचं टेबल आहे, आणि मानवजातीच्या आरोग्याचा इतिहास जेव्हा कधी नीट लिहिला जाईल, तेव्हा त्यात माझ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण ठेवावं लागेल. आज तरी माझ्याबाबत लिहिलेला एकमेव मजकूर म्हणजे कुणीतरी कर्कटकाने माझ्याच अंगावर कोरलेली एक शिवी आहे. तीही अर्धवट. कोरणाऱ्याला मध्येच जेवायला बोलावलं असावं.

व्याकरणात टेबल नपुंसकलिंगी. म्हणजे मी ना पुरुषांच्या बाजूचा, ना बायकांच्या. पुढे जी हकीकत सांगणार आहे तिच्याबद्दल निःपक्षपातीपणे बोलण्याचा अधिकार या इमारतीत फक्त मला आहे. क्रियापदं मात्र इतकी वर्षं मुलांच्या वसतिगृहात काढल्यामुळे पुल्लिंगी झाली आहेत. संगतीचा परिणाम समजून सोडून द्या.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. मिस्त्रीने माझा पहिला अर्धा भाग उत्तम प्लायवूडचा केला. मग प्लायवूड संपलं. दुसरा अर्धा त्याने कुणीतरी नाकारलेल्या कपाटाच्या पाठीतून काढला. हिरवा रंग दोन्हींना सारखाच दिला, त्यामुळे बघणाऱ्याला मी एकजीव वाटतो. चेंडूला मात्र फरक कळतो. खिडकीकडच्या बाजूला तो टण्णकन उडतो, दाराकडच्या बाजूला सुस्कारा टाकून बसतो. मला याची लाज वाटत नाही. एका बाजूने तरतरीत आणि दुसऱ्या बाजूने मठ्ठ अशी किती तरी माणसं मी पुढे पाहिली. त्यांना तर पदव्याही मिळाल्या.

उद्घाटनाला प्राचार्य आले होते. त्यांनी पहिला चेंडू मारला आणि तो चुकला. टाळ्या झाल्या. त्यानंतर माझी सेवेची वर्षं सुरू झाली. माझ्यावर लोक खेळले, इस्त्री करत बसले, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकं छातीवर ठेवून आडवे झाले. माझ्यावर निवडणुका लढवल्या गेल्या आणि केसही कापले गेले. जाळी फाटली तेव्हा एका मुलाने आपली जीन्स दोन विटांवर ताणून बांधली. तेव्हापासून सगळे सामने त्या जीन्सवरून होतात. एकाही खेळाडूने तक्रार केली नाही. जीन्सच्या मालकाने केली, पण तो दुसरी घालून होता.

मग रेक्टरसाहेबांना मी अडगळ वाटू लागलो. कॉमन रूममध्ये खुर्च्या मांडून तिथे व्याख्यानं ठेवावीत, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी मला घडी करून कोठीत टाकायला दोन माणसं पाठवली. माझे बिजागर गंजले होते, पण खरं सांगायचं तर मनात असतं तर मी मिटलो असतो. मी मिटलो नाही. दोन माणसांनी घाम गाळला, एकाचं बोट चेमटलं, आणि मी जसाच्या तसा उभा राहिलो. तेव्हापासून रेक्टरसाहेब माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघत नाही.

आता इथली एक पद्धत सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. या वसतिगृहात कधी कुणी नुसतं खेळलेलं नाही. हरणाऱ्याला शिक्षा असते. जिंकणाऱ्याची बादलीभर कपडे धुणं, त्याच्या वतीने वर्गात हजेरी देणं, आठवडाभर त्याला चहा आणून देणं. शिक्षा काय ते खेळाच्या आधी ठरतं. हरण्यात इथे लाज नाही. शिक्षा टाळली तर मात्र तोंड दाखवायला जागा राहत नाही. एक मुलगा शिक्षेपोटी रेक्टरसाहेबांच्या दारावर टकटक करून त्यांना 'झोप झाली का' असं विचारून आला होता. त्याला पुढे तीन वर्षं मान होता.

या पद्धतीचा रखवालदार म्हणजे वकील. तो वकिलीचं शिकत नव्हता, हिशेबशास्त्र शिकत होता. पण आईने चहात साखर कमी घातली तरी तो म्हणे मुद्देसूद बाजू मांडायचा, म्हणून नाव वकील. तो स्वतः कधी खेळला नाही. तो कायम पंच. पंच हरत नाही, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

उत्तम खेळाडू होता घाऱ्या. डोळे घारे म्हणून घाऱ्या. शेवटच्या वर्षाला होता, कमी बोलायचा, आणि माझ्यावर तो आजवर कुणाकडून हरला नव्हता. त्याच्या बॅटचा आवाजच वेगळा. मी लाकूड आहे, मला स्पर्शावरून माणूस कळतो. घाऱ्याचा चेंडू माझ्यावर दार वाजवून आल्यासारखा यायचा. बाकीच्यांचे चेंडू घुसायचे.

एके दिवशी फलकावर सूचना लागली. 'येत्या तीन गुरुवारी कॉमन रूममध्ये एका विशिष्ट विषाणूविरुद्ध लस मोफत देण्यात येईल. इच्छुकांनी लाभ घ्यावा.' खाली रेक्टरसाहेबांची सही. मित्रांनो, 'विशिष्ट' हा शब्द अत्यंत घातक आहे. साहेबांनी जे लिहायचं टाळलं तेच सगळ्यांना आधी आठवलं. शिवाय 'इच्छुक'. कसली इच्छा, याच्यावर माझ्याभोवती तासभर चर्चा झाली. ती मी सांगणार नाही. माझ्यावर शिवी कोरलेली असली तरी मी घरंदाज आहे.

सोबत एक पोस्टर होतं. त्यात एक आई, एक मुलगी, दोघी हसतायत. वकील पोस्टरसमोर हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, "यात आई आहे, मुलगी आहे. आपण कुठे आहोत?"

मागून लंबू म्हणाला, "आपण फोटो काढतोय."

लंबू म्हणजे नावाप्रमाणे उंच. त्याचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे त्याचा विनोद अजून शाबूत होता.

पहिल्या गुरुवारी सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात बर्फाचा निळा डबा. त्यांनी माझ्यावर पांढरं कापड अंथरलं, डबा ठेवला, खुर्ची ओढली आणि बसल्या. मला वाटलं, आता रांग लागेल. रांग लागली नाही. दोघं जण आले, ते कॅरमची पावडर न्यायला. सिस्टरनी त्यांना थांबवून सरळ सांगितलं. या विषाणूचं नाव एचपीव्ही. तो बाई-पुरुष बघत नाही. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतो, कळतही नाही, आणि आपोआप जातो. काहींच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. मग बऱ्याच वर्षांनी बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. पुरुषांनाही घशाचा वगैरे होऊ शकतो. आणि स्वतःला काही झालं नाही तरी पुरुष तो दुसऱ्याला देऊ शकतो.

मुलांचं सगळं लक्ष 'वगैरे'वर गेलं. एकाने विचारलं, वगैरे म्हणजे कुठे. सिस्टरनी सांगितलं. दोघंही पावडर न घेता निघून गेले.

संध्याकाळी कॉमन रूममध्ये सभा भरली. मला वाटतं, लसीबद्दल इतकी सखोल चर्चा ती बनवणाऱ्यांनीही केली नसेल. कुणी म्हणालं, मला काही झालेलं नाही, मी का घेऊ. ज्याला उद्या पेपर आहे म्हणून आज अभ्यास करायचा असतो हे माहीत होतं, तोच हे म्हणाला. कुणी म्हणालं, मुलींच्या वसतिगृहात उरली म्हणून इकडे पाठवली. एकाने मात्र मुद्द्याचं सांगितलं. घेतली तर लोक म्हणतील, याने काहीतरी उद्योग केलेत. नाही घेतली तर म्हणतील, याला उद्योग करायला मिळालेच नाहीत. दोन्हीकडून अब्रू जाते. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय मनाला भिडला होता.

मग वकिलाने समारोप केला. हा आजार कोणत्या बायकांना होतो ते सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला. जरा चालचलन बघावं लागतं. सभ्य घरांत असलं काही नसतं.

घाऱ्या त्या वेळी माझ्या खिडकीकडच्या बाजूला एकटाच चेंडू उडवत होता. त्या वाक्याला त्याचा चेंडू चुकला. जमिनीवर पडला आणि लांब गेला. तो उचलायला घाऱ्या वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. इतर कुणी पाहिलं नाही. मला पायही आहेत, मी खालून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

शिक्षेची कल्पना त्यानंतर दोन दिवसांनी निघाली, आणि अर्थात वकिलाच्याच डोक्यातून. कपडे धुऊन, हजेऱ्या लावून सगळे कंटाळले होते. वकील म्हणाला, या आठवड्यात नवीन शिक्षा. हरेल त्याने गुरुवारी टोचून घ्यायचं. सगळ्यांना ती फार क्रूर वाटली, म्हणून लगेच मंजूर झाली.

दुसऱ्या गुरुवारी सहा जण आले. सगळे पराभूत. फाशीला जावं तशा चेहऱ्याने एकेक जण बाही वर करत होता, आणि दारात मित्र उभे राहून सांत्वन करत होते. सिस्टर चक्रावल्या. म्हणाल्या, "अहो, खेळून यायची गरज नाही. नुसते आलात तरी देते मी." कुणी ऐकलं नाही. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायचं असतं, तेही ते असे बसले की जणू कोठडीत आहेत. पण बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातावर चिकटपट्टी होती आणि चालण्यात फरक होता. जेवणाच्या वेळी सहाही जण बाह्या दुमडून बसले. थंडी असूनही.

आमच्याकडे काळजी घेणारा तो भित्रा. शिक्षा भोगणारा तो मर्द. सुई तीच, औषध तेच, दुखणारा हातही तोच. नुसतं कारण बदललं आणि सहा भित्र्यांचे सहा वीर झाले. अख्ख्या वैद्यकशास्त्राला जे सुचलं नाही ते माझ्या वसतिगृहाला सुचलं, तेही चुकून.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे झोपले असताना घाऱ्या माझ्या कडेवर येऊन बसला आणि त्याने घरी फोन लावला. त्याच्या ताईला. फोन मांडीवर ठेवून, आवाज बाहेर सोडून, तो बॅटचं रबर नखाने सोलत होता. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला तोच कॅन्सर झाला होता, सिस्टरनी सांगितलेला. उपचार चालू होते. तिचा आवाज थकलेला होता, पण तिखट होता.

घाऱ्याने लसीची गोष्ट काढली नव्हती. तिनेच काढली. तिला दवाखान्यातून कळलं होतं की वसतिगृहांत लस देतायत. "घेतलीस का?"

तो म्हणाला, इथे ती बायकांची समजतात.

"आणि मला काय झाडावरून आला का?" ताई म्हणाली. मग खोकली. मग म्हणाली, "आमच्या वेळी कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. तुला फुकट देतायत आणि तू मुलं काय म्हणतील ते बघतोयस. शनिवारी मला बघायला येशील तेव्हा फळं आणू नकोस. रिकाम्या हाताने ये. पण हात टोचलेला असू दे. मी बघणार आहे."

घाऱ्याने येतो म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पोस्टरमधल्या आईकडे बघत बसला. त्याची अडचण मला समजत होती. नुसता जाऊन टोचून घेतलं तर वकील विचारणार, का. का ते सांगितलं तर ताईचं चालचलन रात्रीच्या जेवणाबरोबर वाढलं जाणार. दवाखान्यात जाऊन स्वतः विकत घ्यावी, तर ती लस त्याच्या ऐपतीबाहेरची. वाट एकच होती. हरायचं.

आणि तो हरत नव्हता. तीन वर्षांत हरायची सवयच राहिली नव्हती.

मित्रांनो, त्या आठवड्यात माझ्यावरचा खेळ इतका घसरला की मला माझ्या जन्माचा पश्चात्ताप झाला. काही तरी भलतंच चाललं होतं. बरे खेळणारे चेंडू छताला मारत होते. एकाने सर्व्हिस स्वतःच्याच बाजूला चार वेळा केली. लंबू तर बॅट उलटी धरून खेळला. गुपित मला पहिल्या दिवशीच कळलं, कारण चेंडू खोटं बोलत नाही: सगळे मुद्दाम हरत होते. लस हवी होती, पण मागायची नव्हती. लंबूचं म्हणाल, तर त्याची होणारी बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने स्वतः कधीच घेतली होती. तिने त्याला एवढंच विचारलं होतं की मी दार लावून घेतलंय, तू खिडकी उघडीच ठेवणार आहेस का. लंबूला उपमा कळली नव्हती, पण सूर कळला होता.

मला हरणारे आवडतात. हरायला आलेले आवडत नाहीत. माझ्यावर कुणी मुद्दाम हरावं इतका मी जुना झालेलो नाही.

वकिलाच्याही ते लक्षात आलं. त्याने बुधवारी नवा नियम काढला. मुद्दाम हरणारा बाद, आणि बाद झालेल्याला सुई मिळणार नाही. शिक्षा म्हणून जी गोष्ट ठेवली होती, तीच आता शिक्षा म्हणून काढून घेतली जात होती. यातली गंमत कुणाच्याच लक्षात आली नाही. नियम होता, आणि नियमाला अर्थ असावा अशी आमच्याकडे अट नाही.

तिसरा गुरुवार शेवटचा. सिस्टर आल्या तेव्हा माझ्याभोवती गर्दी होती, म्हणून त्यांनी डबा कोपऱ्यातल्या बाकावर ठेवला. त्या म्हणाल्या, "चारला डबा परत न्यायचाय मला. तुमचं झालं की सांगा." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पिशवीतून शेंगा काढल्या.

त्या दिवशीचा सामना घाऱ्या विरुद्ध लंबू. जगात कुठेही, कोणत्याही टेबलावर, इतक्या जिद्दीने हरण्यासाठी दोन माणसं लढली नसतील. घाऱ्याने पहिली सर्व्हिस जीन्समध्ये मारली. लंबूने उत्तर म्हणून दुसरी दाराबाहेर मारली. वकील भुवया उंचावून बघायला लागला, तेव्हा दोघांनी कला दाखवायला सुरुवात केली. आता चेंडू नुसता बाहेर जाऊन चालणार नव्हतं. तो आत येतो आहे असं वाटून शेवटच्या क्षणी बाहेर जायला हवा होता. घाऱ्या पाय घसरल्यासारखं करायचा. लंबू उन्हाचा त्रास झाल्यासारखं करायचा, आणि ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. दोघंही अवघड चेंडू टाकायचं टाळत होते, कारण त्यावर समोरचा खरोखर चुकला असता आणि गुण टाकणाऱ्याच्या गळ्यात पडला असता. इतकं सौजन्य मी त्या इमारतीत आजवर पाहिलं नव्हतं.

दहा-दहा झाले. वकिलाने हात वर करून सामना थांबवला.

"मी आंधळा नाही," तो म्हणाला. "लंबूचं मी समजू शकतो, त्याचं लग्न आहे. पण घाऱ्या, तुला एवढी निकड कशाची रे? काय घेऊन आलायस कुठून? सांग की, आपलीच माणसं आहेत सगळी."

आपलीच माणसं हसली. फार नाही, शिक्षेला शोभेल एवढीच.

सर्व्हिस लंबूची होती. त्याने चेंडू असा उंच, असा सावकाश दिला, की लहान मुलानेही मारला असता. घाऱ्याला तो फक्त सोडायचा होता. त्याने बॅट मागे नेली, आणि मला त्याच्या पायांखालच्या फरशीतून कळलं की हा आता सोडणार नाही. चेंडू माझ्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर पडला. टण्ण. लंबूची बॅट हलायच्या आत तो भिंतीवर आपटून परत आला होता.

अकरा-दहा. पुढची सर्व्हिस घाऱ्याची. ती लंबूला दिसलीच नाही. लंबूने ती शोधायला खाली बघितलं.

बारा-दहा. घाऱ्या जिंकला.

त्याने बॅट माझ्यावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. मग शर्टाची बाही दुमडायला लागला.

"जिंकलो," तो म्हणाला. "आता टोचून घेतो."

वकील म्हणाला, जिंकणाऱ्याला घेता येत नाही.

"माझ्या ताईला झालाय तो कॅन्सर," घाऱ्या म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू त्या दिवशी म्हणालास, चालचलन बघावं लागतं. मग बघ. ती इथे नाहीये, मी आहे. विचार काय विचारायचं ते. मी काही उद्योग केलेत का, तेही विचार. केले असले तरी घेणार आणि नसले केले तरी घेणार. हरून नाही घेणार."

वकील गुणफलकाकडे बघत राहिला, जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल. सिस्टरनी शेंगा बाजूला ठेवल्या. त्यांनी हात पुसले, डबा उचलला, बाकावरून आणून जीन्सच्या शेजारी माझ्यावर ठेवला, आणि घाऱ्याला माझ्या कडेवर बसवलं. वय विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का विचारलं, आणि सुई टोचली. घाऱ्याने डोळे मिटले नाहीत. मला माझी कड त्याच्या मुठीत दाबली गेलेली कळली, पण ते आमच्या दोघांतच ठेवायचं होतं.

लंबू पुढे आला. "मी रीतसर हरलोय," तो म्हणाला. "माझा नंबर नियमाने आहे." यावर लोक हसले, यावेळी जरा मोठ्याने. मग एक जण आला जो आज खेळलाच नव्हता. मग ज्याने अब्रूचा मुद्दा काढला होता तो आला. कुणी कुणाला का ते विचारलं नाही. विचारणारा गुणफलक पुसत होता.

सिस्टर वकिलाला म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

"मी पंच आहे," वकील म्हणाला.

खोली रिकामी झाल्यावर तो पंखा बंद करायला परत आला. पंखा चालूच नव्हता. सिस्टर डबा आवरत होत्या. त्याने बाही वर केली आणि बंद पंख्याकडे बघत उभा राहिला. सुई टोचून झाल्यावर त्याने सिस्टरना सांगितलं की हे कुणाला कळायला नको. आणि मग, सगळ्या जन्मात पहिल्यांदा, तो मुद्दा न मांडता आडवा झाला. चक्कर. असं काहींना होतं, सिस्टर म्हणाल्या, सुईच्या धसक्याने. त्यांनी त्याला माझ्यावर लोटलं आणि पाय उंच केले. पंधरा मिनिटं तो माझ्यावर पडून होता. मी त्याला सांभाळलं. पण कुणाला सांगणार नाही असं वचन मी दिलं नव्हतं. सिस्टरनी दिलं होतं.

संध्याकाळी घाऱ्याने माझ्याजवळ उभं राहून ताईला फोन केला. घेतली, म्हणाला. तिने विचारलं, दुखलं का. नाही म्हणाला. तिने त्याला खोटारडा म्हटलं. मग विचारलं, "कुणाशी भांडलास का?"

"नाही. खेळलो."

"मग शनिवारी ये," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला, कारण तिच्या गोळ्यांची वेळ झाली होती.

आता इथे, मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी हात जोडून काहीतरी मागायची पद्धत आहे. आम्हाला जपा, आम्हाला रंग द्या, आम्हाला विसरू नका. मी मागणार नाही. मला रंग नको. माझा एक अर्धा मठ्ठ आहे तो मठ्ठच राहू दे, त्याने कुणाचा जीव जात नाही. तुम्हाला मात्र सांगतो, आणि ही विनंती नाही. स्वतःची काळजी घ्यायला आधी हरावं लागत नाही. दुसऱ्याची घ्यायला तर नाहीच नाही. ज्याला हे बायकी वाटत असेल त्याने माझ्यावर येऊन खेळावं. मी इथेच आहे. घडी होऊन कोठीत जायचा माझा विचार नाही, आणि रेक्टरसाहेबांनी पुन्हा माणसं पाठवली तर त्यांनी बोटं सांभाळावीत.

आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी ते प्रकरण लिहायला घ्यावं. माझी तयारी आहे.

दोन महिन्यांनी दुसरा डोस होता. सिस्टर निळा डबा घेऊन आल्या तेव्हा कॉमन रूमला कुलूप होतं, किल्ली रेक्टरसाहेबांकडे, आणि साहेब रजेवर. मुलं ठरल्या वेळी आली. सगळी आली. सिस्टरनी डबा जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि तिथेच एकेकाला टोचलं. टेबल लागलं नाही.